डोक्यावर पडणारा कचरा आणि वरच राहणारा कचरा

मृगनक्षत्र (धागाकर्ता)

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि पलीकडे गुजरात-मध्य प्रदेशातही लोकांनी आकाशातून जळत जाणारे पट्टे पाहिले. बहुतेकांना उल्का वाटली. पण उल्का डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझते. हे पट्टे सावकाश क्षितिजाकडे सरकत होते आणि वाटेत तुटत होते. त्याच रात्री बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलंय. पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांतून धातूचे गोळे सापडत गेले. उपग्रहांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. म्हणजे तो रिकामा टप्पा वर्षभराहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरला आणि मग खाली आला.

सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, आणि काही आठवड्यांत विषय मागे पडला. मला तो पुन्हा काढावासा वाटतो, कारण अशी बातमी आली की आपली चर्चा "कुणाच्या डोक्यावर पडलं असतं तर?" इथे सुरू होते आणि तिथेच संपते. प्रश्न रास्तच आहे. पण जो तुकडा खाली आला, तो निदान मोजणीतून गेला. खरी काळजी खाली न येणाऱ्यांची आहे.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार पृथ्वीभोवतीच्या कक्षेत १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तू आज सुमारे ५४ हजार आहेत. १ ते १० सेंटिमीटरच्या सुमारे १२ लाख, आणि त्याहून लहान, १ मिलिमीटरपर्यंतच्या, १४ कोटी. रडारला नियमितपणे दिसतात त्या साधारण पहिल्या गटातल्या. मधला गट सर्वांत वाईट, कारण तो दिसत नाही म्हणून चुकवता येत नाही, आणि उपग्रहाचं कवच त्याला थोपवू शकत नाही. १ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची गोळी जेमतेम दीड ग्रॅमची असते. कक्षेतल्या धडकेचा वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला, तर तिच्यातली ऊर्जा ताशी ३५ किलोमीटरने धावणाऱ्या दीड टनाच्या मोटारीइतकी भरते. हे गणित अकरावीच्या भौतिकशास्त्राचं आहे, कुणीही करून बघावं.

आणि हे कागदावरचं भय नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर ७८९ किलोमीटर उंचीवर चालू असलेला अमेरिकी इरिडियम ३३ आणि कधीच बंद पडलेला रशियन कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. सापेक्ष वेग सेकंदाला ११.७ किलोमीटर. नोंद करता येतील असे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. त्याच्या दोन वर्षं आधी, ११ जानेवारी २००७ ला, चीनने आपलाच जुना हवामान उपग्रह फेंगयुन-१सी क्षेपणास्त्राने फोडला होता. ती उंची सुमारे ८६५ किलोमीटर आणि नोंदलेले तुकडे साडेतीन हजारांच्या आसपास. त्यातले बहुतेक आजही वर आहेत.

उंचीचा मुद्दा नीट लक्षात घ्या, सगळं त्यावर आहे. ४०० किलोमीटरवर विरळ का होईना, हवा असते. ती वस्तूला हळूहळू रोखते आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत खाली आणते. ८०० किलोमीटरवर हाच काळ शतकांत मोजावा लागतो. १००० च्या वर हजार वर्षं किंवा जास्त. अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा छोटासा उपग्रह मार्च १९५८ मध्ये सोडला, १९६४ पासून मुका आहे, अजून फिरतोय.

१९७८ साली नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले यांनी मांडलं की ठरावीक घनतेनंतर टकरींतून तुकडे, तुकड्यांतून टकरी असं चालू राहील आणि नवीन काही न सोडताही कचरा वाढत जाईल. आपण ज्यांच्या जोरावर पिकांचा अंदाज बांधतो, ते पृथ्वी निरीक्षणाचे उपग्रह बरेचसे ६०० ते ९०० किलोमीटरच्याच पट्ट्यात आहेत.

माझं म्हणणं एवढंच की वापर संपल्यावर कक्षा रिकामी करून जाणं हा मोहिमेचाच भाग धरला पाहिजे. प्रक्षेपण यशस्वी झालं की टाळ्या वाजतात. ते रॉकेट आणि तो उपग्रह शेवटी कुठे गेले, हेही त्याच आत्मीयतेने विचारलं जावं. तुम्हाला काय वाटतं?

---

वैनगंगाकाठ

मी सिंदेवाहीच्याच भागातला. त्या संध्याकाळी पाडव्यामुळे घरोघरी माणसं अंगणात होती, म्हणून इतक्या लोकांनी पाहिलं. आधी कौतुक वाटलं, मग तुकडे पडल्याचं कळलं तशी भीती. विमान पडलं, बॉम्ब पडला, काय वाट्टेल ते पसरत होतं. दुसऱ्या दिवशी जो तो बघायला निघाला. पोरं गोळ्यांना हात लावत होती, कुणी उचलून घरी नेण्याच्या बेतात होतं. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, नंतर इस्रोची माणसं येऊन तपासून गेली.

मला राग याचा येतो की "जंगलात पडलं, लोकवस्ती विरळ होती, बरं झालं" असं लोक सहज बोलून जातात. उन्हाळ्यात आमच्याकडे पहाटे मोहफुलं वेचायला बायाबापड्या रानातच असतात, तेंदूपत्त्याच्या हंगामातही तेच. रान रिकामं नसतं.

---

सुलभा_ठाणे

धागा वाचनखुणेत टाकला. एक शंका. वातावरणात शिरताना सगळं जळून जातं असं शाळेत शिकलो होतो. मग हे गोळे शाबूत कसे?

---

मृगनक्षत्र

वैनगंगाकाठ, तुमचं रानाबद्दलचं म्हणणं पूर्ण पटलं. धोक्याचं गणित करताना चौरस किलोमीटरमागे माणसं मोजतात, पण कोणत्या वेळी कोण कुठे असतं हे त्या आकड्यात येत नाही.

सुलभाताई, सगळं जळत नाही. मोठ्या वस्तूच्या वजनापैकी साधारण १० ते ४० टक्के जमिनीपर्यंत पोचतं असं मानलं जातं. हे गोळे म्हणजे दाबाखाली वायू किंवा इंधन भरायच्या टाक्या. त्या बहुधा टायटॅनियमच्या किंवा धातूवर कार्बन धाग्याचं वेष्टण दिलेल्या असतात. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश सेल्सिअस लागतं. शिवाय गोळा पोकळ आणि हलका, त्यामुळे तो वरच्या हवेतच वेग गमावतो आणि जास्त तापण्याआधी संथ होतो. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या गावांतही असेच गोळे पडले होते.

हात लावू नये ते याचसाठी. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन असतं. रिकामी दिसली तरी आत काही उरलेलं असू शकतं.

---

रणजित_कोल्हापूर

माहिती चांगली आहे. पण एक खटकलं. कचरा अमेरिका, रशिया, चीन यांनी केला. आपण अंतराळात आत्ता कुठे जम बसवतोय, आणि लगेच आपल्याला जबाबदारीचे धडे. २०१९ च्या मिशन शक्तीवरही (आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडण्याची चाचणी) परदेशी माध्यमांनी असाच गहजब केला होता. आपण चाचणी मुद्दाम खालच्या कक्षेत केली, तुकडे खाली आले. चीनच्या २००७ च्या चाचणीच्या पंक्तीला आपल्याला बसवू नये.

---

मृगनक्षत्र

रणजित, पंक्तीला बसवत नाही. फरक आहे आणि मोठा आहे. २७ मार्च २०१९ ला मायक्रोसॅट-आर फोडला तो ३०० किलोमीटरच्याही खाली. ८६५ किलोमीटरवर चीनने जे केलं त्याचे भोग पुढच्या कित्येक पिढ्या भोगणार आहेत. आपण उंची विचारपूर्वक निवडली, ते बरोबरच केलं.

पण तुकडे आठवड्यांत खाली येतील असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. बहुतेक आलेही. मात्र स्फोटात काही तुकड्यांना वरच्या दिशेने धक्का बसतो. नासाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी २४ तुकडे अंतराळ स्थानकाच्या कक्षेच्याही वर जात असल्याचं जाहीर केलं होतं, आणि नोंदीतला शेवटचा तुकडा जाईपर्यंत तीन वर्षं गेली. खालच्या कक्षेतल्या स्फोटाचाही असा परिणाम होतो, एवढंच मला सांगायचंय.

आपल्या नावावरची दुसरी नोंद फारशी कुणाला आठवत नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी३ रॉकेटने उपग्रह व्यवस्थित सोडले. त्याचा चौथा टप्पा कक्षेत राहिला आणि १९ डिसेंबर २००१ ला फुटला. नोंदलेले तुकडे तीनशेहून जास्त. यात कुणाचा हेतू नव्हता, टाकीत उरलेलं इंधन पुरेसं ठरलं. त्यानंतर इस्रोने काम झाल्यावर शेवटच्या टप्प्यातलं उरलंसुरलं इंधन बाहेर सोडून टाकायला सुरुवात केली. आज जगभर ही पद्धत चांगली मानली जाते. मला याचा अभिमान वाटतो.

अभिमानाच्या आणखी दोन गोष्टी. भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह ८६७ किलोमीटरवर होता. तसाच सोडला असता तर शंभर वर्षांहून जास्त राहिला असता. त्यात सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होतं. इस्रोने ते वापरून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने उतरवली आणि ७ मार्च २०२३ ला त्याला प्रशांत महासागरावर ठरवून पाडलं. मूळ आराखड्यात असं पाडण्याची सोयच नव्हती, तरी करून दाखवलं. कार्टोसॅट-२ लाही उरलेल्या इंधनावर ६३५ वरून ३८० किलोमीटरवर आणून ठेवलं होतं. तो १४ फेब्रुवारी २०२४ ला संपला. आपोआप यायला त्याला तीसेक वर्षं लागली असती.

२०३० पर्यंत सगळ्या भारतीय मोहिमा, सरकारी आणि खाजगी दोन्ही, कचरामुक्त करायच्या असं एप्रिल २०२४ मध्ये बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत इस्रोने जाहीर केलंय. हे धडे बाहेरून कुणी दिलेले नाहीत, आपल्याच माणसांनी घातलेला मापदंड आहे.

---

रणजित_कोल्हापूर

पीएसएलव्ही-सी३ चं ठाऊक नव्हतं. मेघा-ट्रॉपिक्सचंही नाही. पण मग अशा चाचण्यांवर बंदी घालायला भारत तयार का नाही?

---

तिसरं_कलम

या प्रश्नावर थोडं लिहितो, कायदा हा माझा प्रांत.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उपग्रह फोडणाऱ्या चाचण्या न करण्याचा ठराव आला. १५५ देश बाजूने, ९ विरोधात, ९ तटस्थ. रशिया आणि चीन विरोधात, भारत तटस्थ. सर्वांना बांधणारा, पडताळणी करता येईल असा करार हवा, ही भारताची जुनी भूमिका आहे. कारण समजतं. तरीही मला स्वतःला वाटतं की आपण बाजूने मत द्यायला हवं होतं. चाचणी झाली, क्षमता सिद्ध झाली, पुन्हा करण्याची गरज उरलेली नाही.

आता चंद्रपूरकडे येतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व कराराचे भारत आणि चीन दोघेही सदस्य आहेत. त्यानुसार अंतराळातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झालं, तर ती सोडणारा देश पूर्ण जबाबदार. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. वर कक्षेत दोन उपग्रह आदळले तर मात्र चूक कुणाची ते दाखवावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. म्हणून २००९ च्या टकरीतून पुढे दाखला देता येईल असं काही उदाहरण तयार झालं नाही.

जमिनीवरच्या दायित्वाचं मोठं उदाहरण कॉसमॉस ९५४ चं. अणुभट्टी असलेला हा सोव्हिएत उपग्रह २४ जानेवारी १९७८ ला कॅनडाच्या वायव्य भागात कोसळला. किरणोत्सारी तुकडे शोधायला बर्फात महिनोन् महिने मोहीम चालली. कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

सामान्य माणसासाठी महत्त्वाचं हे की शेतकऱ्याला परस्पर दुसऱ्या देशावर या करारानुसार दावा लावता येत नाही. तो त्याच्या सरकारने राजनैतिक मार्गाने करायचा असतो. मुदत एक वर्ष: नुकसान झाल्यापासून, किंवा जबाबदार देश कोणता हे कळल्यापासून. आणि आपलाच तुकडा आपल्याच नागरिकावर पडला तर हा करार लागूच होत नाही, तिथे देशाचा स्वतःचा कायदा हवा. आपल्याकडे २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. खाजगी रॉकेट कंपन्या उभ्या राहत असताना ही उणीव मला गंभीर वाटते.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या नेपल्समध्ये एका घराचं छप्पर आणि मजला फोडून ७०० ग्रॅमचा धातूचा तुकडा आत आला. अंतराळ स्थानकावरून २०२१ मध्ये सोडून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या साठ्याचा तो भाग असल्याचं नासाने मान्य केलं. त्या कुटुंबाने नासाकडेच दावा केला.

---

पर्थकर_मी

पश्चिम ऑस्ट्रेलियातून. जुलै २०२३ मध्ये इथे ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर माणसाहून उंच नळकांडं वाहून आलं होतं, त्यावर शंखशिंपले चिकटलेले. घातक रसायन नाही हे पक्कं होईपर्यंत पोलिसांनी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. महिनाअखेरीस ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने सांगितलं की ते बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं कवच आहे. ऑफिसात दोन दिवस सगळे मला विचारत होते. कुणी कुत्सितपणे नाही, कुतूहलाने. मात्र आपल्या देशाचा तुकडा परक्या किनाऱ्यावर येणं काय असतं, हे तेव्हा जाणवलं.

१९७९ च्या जुलैमध्ये ७७ टनांचं स्कायलॅब कोसळलं तेही याच राज्यात, एस्पेरन्सच्या परिसरात. इथल्या जुन्या लोकांना ते अजून आठवतं.

---

चक्रधर

पर्थकर, एक तांत्रिक खुलासा: पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा कक्षेत पोचतच नाही, उड्डाणानंतर लगेच समुद्रात पडतो. तो कक्षेतला कचरा नव्हे. प्रश्न समुद्रातल्या कचऱ्याचा आहे, वेगळा पण खरा.

मूळ लेखाला एक पुरवणी. केसलरची साखळी तासाभरात सगळं संपवते असं लोकांच्या डोक्यात असतं. तसं नाही. ती दशकांच्या गतीने चालते, आणि काही पट्ट्यांत सुरू झाली आहे असं अनेक तज्ज्ञ मानतात. ८४० किलोमीटरच्या आसपास मूळ सोव्हिएत बनावटीच्या झेनिट रॉकेटचे जवळजवळ नऊ टनांचे रिकामे टप्पे फिरतायत. युरोपचा आठ टनांचा एनव्हिसॅट उपग्रह एप्रिल २०१२ पासून मृत आहे. असे दोन एकमेकांवर आदळले तर २००९ ची टक्कर किरकोळ ठरेल. मला रात्री झोप येऊ न देणारी गोष्ट विचाराल तर हीच.

रोजचा त्रास वेगळा. १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने आपलाच उपग्रह कॉसमॉस १४०८ फोडला, दीड हजारांहून जास्त तुकडे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या सातही जणांना, त्यात दोन रशियनच, परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या शेनचौ-२० च्या खिडकीला तडे गेले, कारण बहुधा बारीक कचरा, आणि अंतराळवीरांना दुसऱ्या यानातून परतावं लागलं. कचरा करणाऱ्यालाच तो लागतो, हे दोन्ही वेळा दिसलं.

आपल्याकडे इस्रोने २०२३ मध्ये टक्कर टाळण्यासाठी उपग्रहांच्या २३ हालचाली केल्या. चांद्रयान-३ चं उड्डाणही याच कारणाने ४ सेकंद पुढे ढकललं होतं. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांच्या ताफ्याने तर डिसेंबर २०२३ पासूनच्या सहा महिन्यांत सुमारे ५० हजार हालचाली केल्या. त्यांची उंची ५५० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे बंद पडलेला उपग्रह काही वर्षांत खाली येतो, ही त्यातली बरी बाजू. पण एवढं सगळं अचूक चालण्यावर विसंबून राहायचं, हे मला इंजिनिअर म्हणून स्वस्थ बसू देत नाही.

---

सुलभा_ठाणे

चक्रधर, मग वर जाऊन गोळा करता येत नाही का? जाळं, चुंबक, काहीतरी?

---

चक्रधर

लहान तुकडे गोळा करणं आज तरी व्यवहार्य नाही. मोठ्या वस्तू उतरवणं शक्य आहे आणि फायदा त्यातच आहे, कारण उद्याचे लाखो तुकडे त्यांच्याच पोटात आहेत. २०१८ मध्ये रिमूव्हडेब्रिस नावाच्या युरोपीय प्रयोगात जाळं टाकून पाहिलं, चाललं. २०२४ मध्ये जपानच्या ॲस्ट्रोस्केल कंपनीचं ॲड्रास-जे यान २००९ सालच्या एच-२ए रॉकेटच्या निकामी टप्प्यापासून १५ मीटरपर्यंत गेलं. ज्या वस्तूवर पकडायला कडी नाही, जी सिग्नल देत नाही, तिच्या इतकं जवळ जाणं फार कठीण काम आहे. आपल्या स्पेडेक्सने जानेवारी २०२५ मध्ये दोन उपग्रह जोडून दाखवले, ती विद्या पुढे इथेही लागेल.

आणि अडचण कशी असते ते पाहा. क्लिअरस्पेस-१ ही युरोपची मोहीम व्हेगा रॉकेटचा एक जुना सांधा पकडून खाली आणणार होती. यान उडण्याआधीच, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्या सांध्याभोवती नवे तुकडे दिसले. त्याला दुसरा कुठला तरी कचरा आदळला होता. मग लक्ष्यच बदलावं लागलं.

खर्चाचा प्रश्न तर बाकीच आहे. दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय उचलताही येत नाही. बंद पडलेला कॉसमॉस उपग्रह आजही कायद्याने रशियाचाच.

---

मृगनक्षत्र

अजून एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून मांडतो. "खाली आणून जाळून टाका" हे उत्तरही फुकट नाही. २०२३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी विमानातून स्थितांबरातले कण तपासले. तिथल्या सल्फ्युरिक आम्लाच्या साधारण १० टक्के कणांत रॉकेट-उपग्रहांतून आलेले धातू सापडले. याचा ओझोनवर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू आहे. तरीही ८०० किलोमीटरवर शतकानुशतकं फिरत ठेवण्यापेक्षा खाली आणणं मला योग्य वाटतं. पण हजारोंनी उपग्रह सोडणाऱ्यांना हा हिशोबही द्यावा लागेल.

---

वैनगंगाकाठ

तिसरं_कलम यांचा प्रतिसाद छापून ग्रामपंचायतीत लावतो, हरकत नसावी. एक विचारायचं होतं. पुन्हा असं काही पडलं तर गावात नेमकं काय सांगायचं?

---

तिसरं_कलम

जरूर लावा. सांगायचं ते असं: हात लावू नका, लांब राहा, वारा तुमच्याकडून त्या वस्तूकडे वाहील अशा बाजूला. मुलांना आणि गुरांना दूर ठेवा. पोलीस पाटलांना किंवा ११२ ला कळवा. पडल्याची वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवा, लांबूनच फोटो काढा, त्यावर क्रमांक किंवा अक्षरं दिसली तर ती फोटोत येऊ द्या. पीक, गोठा, छप्पर, जनावर, कशाचंही नुकसान झालं तर त्याच दिवशी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा. एक वर्षाची मुदत आहे म्हटलं ना, तिच्यात सरकारला दावा उभा करायचा तर पहिला कागद हाच लागतो. आणि भंगारवाल्याला कुणी काही विकू नये, कारण १९६८ च्या करारानुसार मालक देशाने मागितलं तर तो तुकडा परत द्यावा लागतो.

---

वैनगंगाकाठ

समजलं. पोलीस पाटील आमच्या ओळखीतले आहेत, त्यांनाही एक प्रत देतो.